जाड तबकड्या आणि बापाकचं व्हायोलिन

अबांग साब्री,

भात आणि सांबाल झाकून ठेवलंय. मी आपल्या बापाकना घेऊन इपोला जातेय. रेकॉर्ड प्लेअरची नवी सुई आणायला, असं त्यांना सांगितलंय; खरं तर कानाच्या डॉक्टरांकडे.

तुझ्या जाड, वजनदार तबकड्यांसाठी तू सुईची दांडी उचललीस, म्हणून आपल्या व्हायोलिनची जुनी पातळ तबकडी बिघडली, हे त्यांचं रोजचं पालुपद. काल मीही तुला टोचलं, "तबकडी घेतोस की मासळी, वजनावर?"

आज तू कामावर गेल्यावर दांडी खाली आणून ऐकलं. फरक केसाएवढाही नाही. शिवाय दांडी उंच राहिली की आवाज टोकदार होतो; बापाकना तर तो दबल्यासारखा वाटतो. गाणं छान वाजत होतं. मागे त्यांचं तरुणपणचं व्हायोलिन, भातखाचरावरून पाखरू जावं तसं. आणि शेजारी बसून तेच मला विचारतात, "रोहाना, माझं व्हायोलिन कुणी काढून नेलं गं?"

डॉक्टर काहीही म्हणाले तरी संध्याकाळी ते तुलाच झापतील. वाद घालू नकोस. म्हण, "हो बापाक, जाडीमुळेच झालं." आजच्या दिवस तरी दोष तबकडीचा असू दे.

तुझी धाकटी बहीण,
रोहाना