मुसळाचे तीन दणके

लाडक्या, खोटारड्या आई,

आज सकाळी ऑफिसात चहाचा कप घेऊन स्क्रीनसमोर बसले आणि कप तसाच खाली ठेवला. आपल्या बोरी गावच्या रानातल्या यंत्रानं तीन दणके टिपले होते. एकामागून एक, तुझे असायचे तसे! तुझं तेरावंसुद्धा होऊन गेलंय, तरी माझ्या तोंडून "आई!" निघून गेलं. सगळे माना वळवून बघायला लागले. म्हणून तुला लिहायला बसलेय. दुसऱ्या कुणाला सांगू हे?

ते यंत्र बसवलं तो दिवस आठवतो तुला? गोठ्यामागच्या खडकात खड्डा घेतला, आत यंत्र ठेवलं, वर झाकण. तू विचारलंस, "ह्ये करतं काय गं?" मी म्हटलं, कुठे लांब भूकंप झाला की त्याच्या लाटा आपल्या जमिनीखालून जातात. खालचा खडक जिथे दबलाय, वाकलाय, तडकलाय, तिथे त्यांची चाल बदलते. त्या चालीवरून पृथ्वीच्या कवचावर कुठे ताण येतोय ते आम्ही ओळखतो. तू लगेच म्हणालीस, "म्हंजी डाक्टर छातीला नळी लावतो, तसंच की!" अजून मी सगळ्यांना तसंच समजावते.

मी पुण्याला पोचते न पोचते तोच स्क्रीनवर दणका! फोन केला, "आई, झाकणापाशी नारळ फोडलास का?" नव्या वस्तूला नारळ फोडल्याशिवाय तुला चैन पडतंय होय! "तुला तिकडं दिसलं?" म्हणत केवढी खूश झालीस! झालं, दुसऱ्या दिवसापासून धारा काढून झाल्या की तू मुसळ घेऊन खडकाकडे. तीन दणके, म्हणजे 'मी बरी हाय'.

किती भांडले मी तुझ्याशी! "अगं, लाटांमध्ये तुझे दणके मिसळतात, मला ते काढत बसावं लागतं. सरळ फोन कर ना." तर म्हणे, "फोनवर तू लई विचारत बसतीस. गोळी घेतली का, दम लागतो का. ह्ये यंत्र बरं, उलटं काय बी विचारत नाय." मग मलाही सवय लागली. तुझे दणके दिसले की माझा दिवस सुरू व्हायचा.

त्या दिवशीही दिसले. नेहमीपेक्षा मोठे. मी हसले गं! शेजारच्या मैत्रिणीला म्हटलं, "आज आमच्या मातोश्री तावात दिसतायत." आणि कामाला लागले. थोड्या वेळानं दादाचा फोन आला.

वहिनीनं नंतर सगळं सांगितलं. दादा बैल बघायला पहाटेच बेल्ह्याच्या बाजाराला गेला होता. तुला रात्रीपासून घाम सुटला होता, छातीत कळ येत होती, आणि तू तिला पित्त झालंय म्हणून गप्प केलंस. सकाळी मुसळ उचललंस तेव्हा ती म्हणाली, "आत्याबाई, आणा, मी आपटते." तू म्हणालीस, "नगं. तिला हात कळंल. उगा घाबरी व्हईल." मग जोर लावून आपटलंस, आणि परत येऊन उंबऱ्यावर बसलीस ती बसलीसच. जीप मिळून नारायणगावचा दवाखाना गाठेपर्यंतसुद्धा थांबली नाहीस.

का खोटं बोललीस, आई? दणके आले नसते तर मी फोन केला असता. दहा वेळा केला असता! दादाला बाजारातून माघारी फिरवलं असतं. कुणी सांगितलं होतं तुला, कळ दाबून मुसळ उचलायला? 'माझ्या पोरीला खडकावरचा ताण कळतो' म्हणून गावभर सांगत फिरायचीस ना! मग तुझा का नाही कळू दिलास? राग येतो तुझा. इतका येतो की रडूच फुटतं.

आजचे दणके वहिनीचे होते. फोन केला तर दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, मीच व्हते. मुसळ कोपऱ्यात पडल्यालं बघवंना. चुकलं का माझं?" नीट बघितलं तर तिचा हात हलका आहे. तू म्हणालीस ते खरं होतं, हात कळतो मला.

तुझे आजवरचे सगळे दणके मी लाटांमधून काढून टाकले. काढावेच लागतात. त्या सकाळचे तीन मात्र अजून तसेच आहेत. ऑफिसातले सर म्हणतात, काढा. काढीन, पण अजून हात होत नाही.

वहिनीला मी नको म्हटलं नाही. आपट म्हटलं. पण तुला शब्द देते, आई, दणके दिसले की दर वेळी मी तिला फोन करीन. 'बरी हाय' म्हणाली तरी ठेवणार नाही. जेवलीस का, झोप लागली का, छातीत दुखत नाही ना, सगळं विचारीन. वैतागली तरी विचारीन.

तुझी, लई विचारत बसणारी,
सुमी