तिकिटावरचं धरण आणि पंजाबसागर

११ जुलै १९७४
आजपासून रोजनिशी. सरपंचाची नोंद इतिहासाच्या कामी येते. गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर तलाव पूर्ण. नाव पंजाबसागर. लोकांनी माझंच नाव सुचवलं असतं, मी टाइम वाचवला. डिझाइनही माझं. पोस्टाच्या तिकिटावर मोठ्या वीजधरणाचं चित्र आहे, ते समोर धरून मातीचा बांध तसाच सरळसोट उभा केला. ओव्हरसियर म्हणे, मातीले उतार लागते. म्हटलं, तिकिटात दाखव उतार! बदली घेऊन गेला बिचारा.

१९ जुलै
तलाव अर्धा भरला. बांधाच्या बुडाशी ओल. नव्या बांधाला घाम येतोच. जानराव बैलबंडीत ज्वारी भरून सासुरवाडीला निघाला. काहून रे? म्हणे, उंदरं लय झाले. उंदरांच्या औषधाचा ठराव घ्यावा.

२६ जुलै
ओलीचं आता गढूळ पाणी वाहून राह्यलं. तलावाला तोंड फुटलं, शुभ आहे. बेबीताई, भागिरथा, दोघींच्या घराला कुलूप. म्हणे मंगरूळपीरला दर्ग्यावर नवस फेडायला गेल्या. एकदमच? असो. आमच्या लिलाबाईने ट्रंक अनसिंगला भावाकडे पाठवली. माहेरची ओढ, दुसरं काय!

३० जुलै
बांधावर उद्घाटनाच्या भाषणाची प्रॅक्टिस. पायाखाली भेग, हात जाईल एवढी. काळी माती, भेगाळणारच. खालच्या आळीत एकाही चुलीचा धूर नाही. कुत्रंही भुंकत नाही. छाती उगाच धडधडली. चहा जास्त झाला. ठराव: उद्घाटनापर्यंत कोणी गाव सोडायचं नाही. आजच दवंडी द्यायची होती, पण कोतवाल रामधन सापडला नाही. कामचुकार!

२ ऑगस्ट
लिलाबाई परवाच गेली. आज निरोप: गोविंदा लय सिरियस, असाल तसे या. मेहुण्यालाही आत्ताच आजारी पडायचं होतं! धरणाचं तिकीट खिशात घालून निघालो.

३ ऑगस्ट, अनसिंग
गोविंदा ठणठणीत. पिठलं-भाकर खात होता.
बांध पहाटे फुटला. खालची आळी गेली, माझं घर गेलं. माणूस एकही गेला नाही. लिलाबाईने घरोघरी सांगितलं होतं. मला सोडून.
तिकीट काढून पाहिलं. त्यातलं धरण उभंच आहे. मग रडू आलं, आणि रागही. म्हटलं, मले काहून नाही सांगतलं?
भाकर थापता थापता म्हणाली, तुमाले सांगतलं असतं तं तुमी दवंडी देऊन सारं गाव थांबवलं असतं.
पलीकडे रामधन जेवत होता. दवंडीचं डफडं त्याने सोबत आणलं होतं.