खिळ्यावरची कानटोपी

कुरावारा,
कार्निवलच्या आधीचा सोमवार

चिरंजीव बेनितास,

ताताचा आशीर्वाद. तुला, रामिरोला आणि दोन्ही लेकरांना. मी बरा आहे, गुडघा बरा आहे, लामांचा कळप बरा आहे. पाऊस वेळेवर आला, बटाट्याला जांभळी फुलं आली आहेत. साहामा डोंगर गेला आठवडाभर ढगात तोंड खुपसून बसला होता, आज सकाळी थोडं पांढरं कपाळ दाखवलं आणि पुन्हा आत. लाजतो आहे, म्हाताऱ्या नवरीसारखा.

फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो. सिग्नलसाठी टेकडी चढावी लागते, आणि वर पोचेपर्यंत मला जो दम लागतो, तो तुला रडणं वाटतो. मग तू रडतेस. मग खरंच रडावं लागतं. त्यापेक्षा पत्र बरं. इलारियाची सून कार्निवल आटोपला की वलेन्सियाला परत निघते आहे, तिच्या हाती देईन.

परवा तू विचारलंस, "ताता, नेमेला वाटेत सगळीकडून हाक मारलीत ना?" मी हो म्हणालो. मग विचारलंस, "आणि त्याची कानटोपी कुठं आहे? बोडक्या डोक्यानं उतरला पोरगा." तेव्हा मी म्हणालो, आवाज तुटतोय गं.

तू सांगितलंस ते मनात घेऊन टेकडी उतरलो. रोक्सानाला मैत्रिणी मिळाल्या, आणि नेमे मात्र खिडकीपाशी उभा असतो. चिमणीएवढं खातो, त्याहून कमी बोलतो. शाळेत बाई नाव विचारतात तरी गप्प. डॉक्टर म्हणतात, सवय होईल. तू डॉक्टरांचं ऐकतेस आणि तरी मला विचारतेस, यातच तू माझी लेक आहेस. तुझी आई म्हणायची, मोठ्यांचा जीव गाढवासारखा, आपला आपण मागून येतो. लेकरांचा कोकरासारखा. घाबरला, दमला, एखादी जागा आवडली की तिथंच बसतो. त्याची टोपी हलवून, हाक मारून सोबत घ्यावा लागतो.

तेव्हा सगळा प्रवास सांगतो. जिथून जिथून निघालो, तिथून.

घरून निघालो तेव्हा उजाडत होतं. बसवाला हॉर्नवर हात ठेवूनच उभा. मी दारात दोघांच्या टोप्या हलवल्या, हाक मारली, "रोक्साना, चल गं! नेमेसियो, चल रे! मागं राहू नका, आईकडे जायचंय!" टोप्या त्यांच्या त्यांच्या हाती दिल्या. नेमे म्हणाला, "पाणी पिऊन येतो," आणि आत पळाला. आला तो ब्लँकेट डोक्यावरून घेऊनच बसमध्ये चढला आणि झोपला.

इलारिया चीजच्या टोपल्या घेऊन शेजारी बसली होती. तिचं तोंड तुला माहीतच आहे. "सेराफिन, पोरांना काही खायला घेतलंय की नुसत्या कविता?" मी म्हणालो, दोन्ही घेतलंय. आणि सुरू केली ना, आपली शाळेतली. पाचवीत असताना पत्र्याच्या छपराखाली हीच म्हणून मी पेन्सिल जिंकली होती. मास्तर वालेन्तिन सायकलवरून यायचे, आम्हाला समुद्र शिकवायचे. त्यांनीही पाहिलेला नव्हता.

निळ्या दूरच्या सागरा, तुझी वाट पाहतो,
डोंगराच्या कुशीत आम्ही लाटा ऐकतो...

इथं आलो आणि नेमे ब्लँकेटमधून डोकं काढून ओरडलाच. "खोटं! आजोबा, तुम्हाला बसचा हॉर्न ऐकू येत नाही, लाटा कुठल्या ऐकता?" अख्खी बस हसली. ड्रायव्हर म्हणाला, "पोरगं खरं बोलतंय, मी अर्धा तास वाजवत होतो." रोक्साना म्हणाली, "नेमे, दुसरं कडवं तर होऊ दे कधी." पण आमच्याकडे दुसरं कडवं कधी होतच नाही. तू लेकरं माझ्याकडे ठेवून गेलीस तेव्हापासून, चार वर्षं, कविता तिथंच थांबते आणि तिथून पुढं गप्पा.

पातकमायाला जेवलो. तळलेलं सुकं मांस, मका, उकडलेलं अंडं, चीज इलारियाचं. नेमेनं माझ्या ताटातलंही खाल्लं. मग निघताना हाक मारली. रोक्सानाला मारली आणि नेमेलाही. म्हणजे तशी मारली.

एल आल्तोला रामिरोची बहीण हुस्ता तिच्या बॅगा बांधून तयारच होती. विमान दुसऱ्या दिवशी होतं, म्हणून पोरांनी तारेवरच्या पाळण्यासाठी हट्ट धरला. त्या काचेच्या डब्यात मी डोळे मिटूनच बसलो. खाली सगळं ला पास, वाडग्यात मका ओतावा तसं. रोक्साना म्हणाली, "आजोबा, आता इथून कशी हाक मारणार? जीव तारेवर बसला असेल तर?" समोर टाय लावलेला एक तरुण होता. तो म्हणाला, "मारा हो बाबा. मी रोज ऑफिसला जाताना अर्धा इथंच राहतो. माझंही नाव घ्या, एदगार." उतरल्यावर मी रोक्सानाची टोपी हलवून तिघांची नावं घेतली. एदगार टोपीखालून वाकून गेला आणि म्हणाला, आता पगार वाढतो की नाही बघू.

विमानतळावर काचेच्या आत मला जाऊ देईनात. हुस्तानं एकेका हाताला एकेक धरलं. रोक्साना शेवटपर्यंत मागं वळून हात हलवत होती. नेमे एकदाच वळला. रडला नाही. मला डोळा मारला, तुला माहीत आहे, त्याचे दोन्ही डोळे एकदम मिटतात. मीही मारला.

असा झाला प्रवास. मुलं मजेत होती. एकदाही कुणाला उलटी झाली नाही.

इथंच सही करून पत्र बंद करावं असं वाटलं होतं. चहा करून आलो. दोन कप केला. तो दुसरा कप बघितला आणि पुन्हा बसलो.

पातकमायाचं मी अर्धंच लिहिलं, बेनिता.

जेवण झाल्यावर रोक्सानाची टोपी हलवली आणि नेमेपुढे हात केला. "टोपी दे." म्हणाला, "नाहीये." मी म्हणालो, "हरवलीस?" "नाही. घरी ठेवली." रोक्साना किंचाळली, "मूर्खा! टोपी ठेवलीस म्हणजे जीव ठेवलास! आईकडे काय रिकामा जाणारेस, भोपळ्यासारखा?" तर हा अगदी शांतपणे म्हणतो, "थोडाच ठेवलाय. बाकीचा आणलाय की."

"कशाला रे ठेवलास?" मी विचारलं.

"मग तुम्ही कविता म्हणणार कुणाला?"

इलारिया एरवी जगाला बोलते, तिनं नेमेला जवळ ओढलं. मग म्हणाली, "पोरा, स्वेटर काढ. सेराफिन, स्वेटर हलवला तरी चालतं. त्याच्या अंगावरचं काहीही चालतं. घराकडे तोंड करून हाक मारा, अजून फार लांब नाही आलो." मी म्हणालो, "बस सुटतेय." तिनं माझ्याकडे पाहिलं. ड्रायव्हर तिकडे दुसरं ताट मागवत होता.

मला बरं वाटलं गं. एवढंच आहे ते. त्या पोरानं मला काहीतरी ठेवलं होतं, आणि मी ते परत केलं नाही.

घरी आलो तर दारामागच्या खिळ्यावर, तू गेलीस तेव्हापासून तुझी लाल कानटोपी जिथं आहे, तिच्यावरच त्याची निळी अडकवलेली. खिळा उंच आहे. बाकडं ओढून चढला असणार. आणि पाणी प्यायला नव्हताच, तांब्या भरलेला होता.

हा महिना माझा सुखात गेला, हे तुला फोनवर कसं सांगायचं? तू तिकडे त्याच्यापुढे चमचा धरून बसलेली आणि मी इकडे सूप दोन वाडग्यांत ओततो. लहान वाडग्यातलं नंतर कुत्र्याला जातं, तोही खूश. लामाच्या त्या पोरक्या पांढऱ्या पिलाला बाटलीनं दूध पाजताना मी मोठ्यानं सांगतो, "बघ नेमे, आज सगळं प्यायलं." संध्याकाळी कविता म्हणतो. लाटा ऐकतो म्हटलं की थांबतो. काही ऐकू येत नाही, पण थांबायला जागा आहे ना. मग मी हसतो आणि झोपतो. म्हाताऱ्या माणसाला आणखी काय लागतं?

रोक्सानानं परवा तुझ्या हातून फोन ओढून घेतला ते आठवतं? म्हणाली, "आजोबा, समुद्र बघितला! पत्र्यावर वारा आपटतो ना, तसाच आवाज आहे, आणि वास कुजक्या माशाचा, तुमच्या कवितेत वास नाहीये!" मी विचारलं, नेमेला आवडला का? म्हणाली, "तो पाण्याकडे पाठ करून उभा होता. म्हणाला, मी बघितला तर कविता म्हणताना आजोबांना खोटं कोण म्हणणार?"

ते ऐकून टेकडी उतरलो आणि लगेच काही केलं नाही. दोन दिवस आणखी दोन वाडगे मांडले. आता दिवा मालवतो.

मंगळवार

काल पत्र तसंच ठेवून झोपलो. सकाळी पाऊस उघडला होता. साहामा पायापर्यंत मोकळा, इतका पांढरा की डोळे दुखावेत. खिळ्यावरून निळी टोपी काढली, आणि अंगणात हाक न मारता टेकडीवर गेलो. जिथं तुझा आवाज येतो, तिथून वाट असणारच, असं आपलं माझं म्हाताऱ्याचं गणित.

वर इलारियाचा मुलगा कुणाशी तरी फोनवर भांडत होता. मला बघून म्हणाला, "काका, सिग्नल नाहीये." मी म्हणालो, मला लागत नाही. त्यानं टोपी पाहिली, फोन खिशात घातला आणि डोक्यावरची हॅट काढून बाजूला उभा राहिला.

आधी कविता म्हटली. लाटा ऐकतो म्हटल्यावर थांबलो, सवयीनं. मग दुसरं कडवं म्हटलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

सागरा, तुझ्याकडे आमची लेकरे येतील,
ओंजळीत डोंगराचा थोडा बर्फ नेतील.

म्हणताना लक्षात आलं, मला ते विसरल्यासारखं झालं होतं, पण विसरलो नव्हतो. मग घराकडे तोंड केलं. अंगण, गोठण, ते पिलू, कुत्रा, चूल, त्याची झोपायची जागा, एकेकाकडे बघून टोपी हलवली. "नेमेसियो, ये रे! नेमेसियो, चल! आजोबांचं बरं चाललंय. आजोबांना आता दुसरं कडवंही येतंय. आई बोलावतेय, चल, मागं राहू नको!" तीनदा. आवाज फाटला, पण गेला. खाली ते पिलू मान उंच करून बघत होतं. मग वारा आला आणि टोपी हातात एकदम जड वाटली. ओली असेल. इलारियाचा मुलगा मात्र म्हणाला, "आला काका." मीही तेच म्हणतो.

टोपी तशीच छातीशी धरून उतरलो, कुठं टेकवली नाही. स्वच्छ फडक्यात बांधली. ती याच पुडक्यात आहे. बरोबर मूठभर सुकवलेले बटाटे आहेत, तिथं मिळत नाहीत म्हणालीस म्हणून.

आता तू काय करायचंस ते ऐक. पुडकं जमिनीवर ठेवू नकोस. नेमे गाढ झोपला की टोपी त्याच्या डोक्यात घाल आणि कानाशी नाव घे, पूर्ण नाव, लाडाचं नव्हे. तू इथल्या वाऱ्यात ओरडायला शिकलेली आहेस, त्यामुळे हळू म्हण, शेजारी उठतील. सकाळी त्याला समुद्रावर ने आणि पाण्याकडे तोंड करून उभा कर. आणि त्याला सांग, आजोबांना खोटं म्हणायला टेकडीवर फोन करायचा, दर रविवारी, मी दम खात का होईना वाट बघेन. रोक्सानाला सांग, वासाचं एक कडवं मी जोडतो आहे. मास्तर वालेन्तिन रागावणार नाहीत.

आज सूप एकाच वाडग्यात ओतलं. चव तीच होती. कुत्रा जरा रुसला आहे.

दारामागच्या खिळ्यावर आता एकच टोपी आहे, लाल. तू गेलीस तेव्हा तुझी आई म्हणाली होती, ही मोठी झाली, हिला हाक नको, हिचा जीव आपला आपण मागून जाईल. गेला असेल तर चांगलंच आहे. नसेल गेला, तर तो इथं ऊबेत आहे. मी त्याला हाक मारलेली नाही, आणि मारणारही नाही. लेकरांचं पुडक्यातून पाठवता येतं. मोठ्यांनी आपलं आपण येऊन न्यावं.

खिळा पक्का आहे. घाई करू नकोस. पण ये.

तुझा,
ताता