सगळ्यात मंद ठिपका

६ ऑक्टोबर
नागपूर आवडलं. पहिल्याच दिवशी असं मी सहसा लिहीत नाही. सक्करदऱ्याला खोली मिळाली आहे. खिडकीतून तलावाचा एक तुकडा दिसतो आणि घरमालकीण प्रश्न कमी विचारते. काम सीताबर्डीत, दुसऱ्या मजल्यावर. आम्ही जुन्या टीव्हींचे पडदे दुरुस्त करतो. पुण्यात मी हेच नव्या पडद्यांवर करत होते. इथे एक अंधारी खोली, एक चांगला कॅमेरा आणि मालक अंकुश. चहा देताना तो म्हणाला, मॅडम, तुम्ही हसत नाही ते बरं हाय, गिऱ्हाईक भाव करत नाही. मी हसले.

९ ऑक्टोबर
या पडद्यांना मागून दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, म्हणून प्रत्येक आपापल्या गतीनं थकतो. पूर्ण पडदा करडा ठेवून फोटो काढायचा, कोणता ठिपका किती मंद झाला ते मोजायचं आणि त्याला तेवढा जास्त प्रवाह द्यायचा. मग डोळ्यांना फरक दिसत नाही. थकवा जात नाही, झाकला जातो. मला हे काम आवडतं. त्यात कुणाशी बोलावं लागत नाही.

१३ ऑक्टोबर
धम्मदीप नावाचे गृहस्थ टीव्ही घेऊन आले. त्यांची मुलगी खुशी गेल्या वर्षी डेंग्यूनं गेली. आठवीत होती. तेव्हापासून त्यांच्या पत्नीनं, कुसुमताईंनी, टीव्हीवर तिचा एकच फोटो लावून ठेवला, दिवसरात्र. आता फोटो काढला तरी चेहरा उरतो. बातम्या लावल्या की त्यांच्यातूनही खुशी दिसते. म्हणाले, तिची माय त्याच्यासमोरच बसून राहते मॅडम, जेवत नाही. पोरगी गेली, आता मले हिलेही नाही गमवायचं. मिटवून द्या.

करड्या पडद्यावर ती स्पष्ट होती, फक्त उलटी. फोटोत जे सर्वांत उजळ, तेच ठिपके सर्वांत थकलेले: दात काळे, शाळेच्या सदऱ्याची कॉलर काळी. दोन वेण्या मात्र उजळ. संध्याकाळपर्यंत मी पडदा स्वच्छ केला.

२० ऑक्टोबर
टीव्ही परत आला. या वेळी कुसुमताई स्वतः आल्या, ऑटोत तो दोन्ही हातांनी धरून. जयभीम करून बसल्या. म्हणाल्या, चेहरा पुसला त्याचं मी काही म्हणत नाही बाई, पण माह्या पोरीचं अंग काहून तापून राहिलं? मी समजावलं की प्रवाह जास्त, म्हणून उष्णता जास्त. मोजलं. कपाळाच्या जागी एकोणचाळीस अंश, बाकी पडदा थंड. माझं स्पष्टीकरण बरोबर होतं. अंकुश म्हणाला, पडद्याले क्रोसिन देऊ का? ताईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो बाहेर गेला.

२१ ऑक्टोबर
कालपासून वायर काढलेली आहे. कपाळ अजून तितकंच गरम. पडद्यात उष्णता साठून राहील असं काही नसतं. पुन्हा मोजलं, दुसऱ्या तापमापकानंही. ताई आजही सकाळपासून इथेच; त्यांनी रुमाल ओला करून काचेवर ठेवला. ओल्या कापडानं पडदा खराब होतो. मी अडवलं नाही.

२३ ऑक्टोबर
ताप उतरला. मी ‘ताप’ लिहिलं, राहू दे. अंकुशनं सुटल्यासारखं वाटून समोसे मागवले. ताई मात्र पांढऱ्या पडल्या. म्हणाल्या, तवाही असाच उतरला होता. सगळे म्हणाले, बरी झाली. मी दवाखान्यातून निवांत घरी गेली, डोक्यावरून आंघोळ केली, तिच्यासाठी खिचडी टाकली. परत आली तर —
त्यांनी रुमाल पुन्हा ओला करून काचेवर ठेवला.

२४ ऑक्टोबर
वायर पुन्हा जोडली तर काळे ठिपके. टाचणीच्या टोकाएवढे. तिच्या गालांवर आणि मानेवर, बाकी कुठेही नाही. प्रवाह वाढवला की ते वाढतात. म्हणजे मीच —
धम्मदीपना फोन केला. म्हणाले, फेकून द्या. ताईंनी माझा हात धरला. तिले आता नोका ताणू वं. ती जेवढी हाय तेवढीच राहू द्या. बाकीच्याले कमी करा.
तसं करता येतं. मंद ठिपक्याला तसंच सोडायचं, बाकीच्यांना त्याच्या पातळीवर उतरवायचं. कुणी करत नाही. अंधारा पडदा कोण घेईल?
मी केलं. काळे ठिपके थांबले. चेहरा दिसत नाही, पण सगळा पडदा खुशीएवढाच उजळ आहे. ताई पहिल्यांदा जेवल्या.

२६ ऑक्टोबर
थांबलं नव्हतं. तिची पातळी उतरते, मी बाकीच्यांना उतरवते. पुन्हा उतरते.
दुपारी अंकुश आत डोकावला. विचारलं, ताई गेल्या का? त्या माझ्याशेजारी बसल्या होत्या, काचेवर हात ठेवून. खिडकी उघडी होती, ऊन होतं. मलाही त्यांचा चेहरा नीट दिसेना.
कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. उजेडाचा आकडा पडद्याइतकाच. ‘बाकीचे’ म्हणजे फक्त ठिपके, असं मी धरून चालले होते.

२७ ऑक्टोबर, दुपार
ताईंना सांगितलं. म्हणाल्या, मले माहीत हाय. तुम्ही थांबू नोका.
त्यांचा हात बर्फासारखा.
पडद्याच्या उजेडाचा आकडा वर नेला तर ताई राहतील. खुशी राहणार नाही. खाली नेला तर — दोघी नाहीत. ताईंना ते चालतं. मला —
धम्मदीप जिन्यात आहेत. कुसुम, कुसुम म्हणून हाका मारताहेत. ताई ओ देत नाहीत. खुर्ची जवळजवळ रिकामी दिसते.
मी आकडा वर नेते आहे, बोट उजेडाच्या पट्टीवर.
डाव्या हातानं लिहिते. उजव्या मनगटावर ताईंची पकड. खाली ओढताहेत, रडताहेत, आवाज नाही —
आणखी एक हात आहे. लहान. गरम. तो माझं बोट वर ढकलतो आहे, आईचा हात सोडवतो आहे, एकेक बोट, हळूच, जसं झोपलेल्या माणसाच्या हातातून आपला हात —