माझी खोली आणि सहा इंग्रजी शब्द

तीर्थरूप मामांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा साष्टांगातली निदान सहा अंगं मनातल्या मनात समजावीत.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा आवाज कसा आहे हे विचारत नाही, परवा फोनवर ऐकला, ठणठणीत आहे. इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. माझी खोली जायची वेळ आली आहे, आणि त्याचं मूळ तुम्ही शाळेत शिकवलेल्या इंग्रजीत आहे.

खोली तुम्ही पाहिली आहे. एक खिडकी, एक टेबल आणि शब्दकोशांचा ढीग. तिथे बसून मी यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करतो, त्यावर घर चालतं. गेली अकरा वर्षं हिला त्या खोलीत शिलाईचं मशीन मांडायचं आहे आणि आईला दुपारचं पडायला तीच खोली हवी आहे. मशीनच्या खडखडाटात डोळा लागत नाही म्हणून आईचा मशीनला विरोध. घोरणाऱ्या माणसाशेजारी कापड बेतता येत नाही म्हणून हिचा पलंगाला. दोघींची ओढाताण इतकी तोडीस तोड की खोली कुणालाच मिळाली नाही आणि मी आत सुखरूप. (मी कुणाचीच बाजू घेतली नाही. दोघींना वेगवेगळं गाठून 'तुझंच बरोबर आहे' एवढंच म्हणत आलो.)

अशात एका लिफ्टच्या कंपनीचं काम आलं. त्यात सहा शब्द होते: काउंटरवेट, काउंटरबॅलन्स, ऑफसेट, कॉम्पेन्सेट, काउंटरॅक्ट आणि न्यूट्रलाइज. तुम्ही वर्गात सगळ्यांचा अर्थ 'समतोल साधणे' सांगितला होता, तो मी विश्वासाने सहाही ठिकाणी ठोकून दिला. कंपनीचे साहेब भडकले. इंग्रजांनी सहा शब्द काय हौसेखातर ठेवलेत का? प्रत्येकाला वेगळा मराठी शब्द हवा, तोही शुक्रवारच्या आत. मग 'प्रतिभार', 'प्रतितोल', 'प्रतिसंतुलन' असं दोन दिवस प्रति-प्रति करत बसलो. लिफ्टच्या मेकॅनिकला वाचून दाखवलं, तर त्या भल्या माणसाने हातातला पाना खाली ठेवला आणि यातलं घट्ट काय करायचं आणि सैल काय, एवढंच विचारलं.

शेवटी अब्रू गुंडाळून स्वयंपाकघरात गेलो. लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळे असतात, त्यामुळे मोटारीला जोर कमी लागतो, त्यांना काय म्हणू? भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "धडा." तेल मोजताना रिकाम्या भांड्याच्या वजनाइतकं दुसऱ्या पारड्यात टाकतात तो धडा, आणि एवढं ठाऊक नसताना लोक मला पैसे कसे देतात? लगेच हिने काउंटरॅक्टला 'काटशह' दिला आणि न्यूट्रलाइजला 'उतारा'. आईने ऑफसेटची 'फिटंफाट' केली, हिने कॉम्पेन्सेटची 'भरपाई'. उरलेल्या काउंटरबॅलन्सला दोघी एका सुरात म्हणाल्या, "तोलून धरणं!" अर्ध्या तासात सहा शब्द. साहेबांनी सहाच्या सहा मंजूर केले, आणि मेकॅनिकने या खेपेला पाना हातात ठेवूनच ऐकून घेतलं.

मी खूश झालो. तिथेच माती खाल्ली. मामा, अकरा वर्षांत त्या दोघी एका टेबलाशी अर्धा तास बसल्या नव्हत्या. त्या दिवशी बसल्या, हसल्या, एकमेकींना टाळ्या दिल्या, आणि उठता उठता त्यांच्या लक्षात आलं की शिलाई सकाळी असते आणि झोप दुपारी! एवढी साधी गोष्ट मी अकरा वर्षं जिवापाड जपून ठेवली होती. आता ठरलंय, सकाळी मशीन, दुपारी पलंग, शब्दकोश माळ्यावर आणि मी गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांखाली. त्यांनी भांडावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. (आहे.) पण आतून दोघींचं हसणं ऐकू आलं की धडकी भरते, आणि खरं सांगतो, फार एकटं वाटतं.

अधिक काय लिहू, उद्या टेबल हलणार आहे.

आपला,
गॅलरीच्या वाटेवरचा भाचा

ता. क. : मुख्य काम राहिलंच. येत्या रविवारी महिनाभर राहायला या. तुमच्या गुडघ्यापायी तुम्हाला बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपवता येणार नाही, माझ्याच खोलीत सोय करावी लागेल. थोरल्या भावापुढे आई बोलत नाही आणि मामेसासऱ्यांपुढे ही. तुम्ही दिवसभर नुसते पडून राहा, मी कोपऱ्यात टेबल लावतो. मामींना आणू नका.

ता. क. २ : पत्र टपालात टाकायला हिच्याकडे दिलं. दोघींनी ते मोठ्याने वाचलं, मामींना फोनवर ऐकवलं आणि मला परत आणून दिलं. रविवारी मामी एकट्याच येत आहेत आणि महिनाभर त्या खोलीत राहणार आहेत. तुमच्या गुडघ्याला प्रवास झेपणार नाही यावर तिघींचं एकमत झालं आहे.

ता. क. ३ : म्हणजे तुमच्याकडे महिनाभर जागा मोकळी असेल ना? माझं टेबल घडीचं आहे.