चार दिवस मी मयुरीची गोळी घेतली

समुद्रपूर, १२ डिसेंबर २००६

आदरणीय वासुदेवराव भाऊजी यांना डोमाजीचा वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आणि आमच्या बहिणाबाई अन्नपूर्णेच्या रागाला उतार पडला असेल अशी आशा आहे (हे वाक्य तिला वाचून दाखवू नका). आमच्याकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. पुढचं खरं आहे.

तुम्ही दाखवलेल्या नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर एडीएचडी लिहून आमच्या मयुरीला लक्ष लागायची गोळी दिली, ती मी आठ दिवसांपासून बंद केली आहे. परीक्षेपर्यंत एकही चुकवायची नाही, हा तुमचा फोनवरचा हुकूम मिळाला होता. तो मी मोडला. गोळीनं काम केलं, हे मी नाकारत नाही. पोरीनं गणितात पन्नासपैकी त्रेचाळीस आणले, वर्गातून उठून पळणं सोडलं. पण महिनाभरात तिची झोप उडाली, डबा भरलेला परत येऊ लागला, आणि एक दिवस ती म्हणाली, "बाबा, पोरी माह्याबद्दलच बोलून राह्यल्या. घरी बी कोणी तरी मले हाक मारते." अभ्यास टाळायची सोंगं म्हणून मी तिला रागावलो. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मला वाटलं, सुधारली.

आता तुम्हाला माहीतच आहे, दुकानात गूळ, मिरची, चहापत्ती, जे येईल ते मी आधी जिभेवर ठेवतो, मगच पोतं उतरवू देतो. बावीस वर्षांत न चाखलेलं फक्त रॉकेल (तेही एकदा चुकून झालं). मग पोटच्या पोरीला देतो तो माल मी पाहिलाच नाही, हे मनाला लागलं. आमच्या सौ. शोभाबाईला न सांगता मी रोज एक याप्रमाणे चार दिवस गोळी घेतली (हा माल चाखायचा नसतो, ही अक्कल पाचव्या दिवशी आली). पहिल्या दिवशी झकास वाटलं, दुकानातल्या सगळ्या बरण्या पुसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसल्या. तिसऱ्या दिवशी छाती धडधडू लागली आणि गिऱ्हाईकं माझ्या काट्याबद्दल कुजबुजतात असा संशय आला. शेजारचा रूपराव शेंगदाणे मागायला आला, तर मी विचारलं, तुला कोणी पाठवलं. तो म्हणाला, "बायकोनं." मी दोघांनाही कटात धरलं. चौथ्या दिवशी माझा चहा मी शोभाबाईला आधी प्यायला लावला. ती प्यायली, सगळाच प्यायली. दुपारी रिकाम्या दुकानात तेलाच्या पिंपामागून कोणीतरी स्पष्ट म्हणालं, "डोमाजी." मी जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं.

भाऊजी, मी त्या पिंपाला टेकून रडलो. पोर खरं बोलत होती. पन्नाशीच्या मला एका हाकेनं घाम फुटला, आणि अकरा वर्षांची मयुरी हे कित्येक दिवस एकटी ऐकत होती, वर बापाची बोलणी खात होती. त्याच संध्याकाळी गोळ्या कुलपात ठेवल्या. तुम्ही मानाचे आहात, तुमचे पाय धुऊन पाट मांडीन, पण या बाबतीत तुमचा हुकूम चालणार नाही. डोमाजी अडाणी आहे असं खुशाल म्हणा.

आपला,
डोमाजी

ता. क. गुरुवारी डॉक्टरांकडे नंबर लावून ठेवा, आम्ही पहिल्या बसनं येतो. वर फार ठासून लिहिलं आहे, पण पुढं काय करावं ते मला कळत नाही. गोळी मी मनानंच बंद केली, हेही त्यांना सांगायचं आहे. कमी देतील, दुसरी देतील, ते म्हणतील तसं करू.

ता. क. २. घरात कोणाला भास होत होते का, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुमच्या आकांक्षाच्या सोयरिकीची बोलणी चालू होती, म्हणून तुम्ही टेबलाखाली माझा पाय दाबला आणि मी "नाही" म्हणालो. माझा भाऊ लहानू दोन वर्षं भिंतीशी बोलत होता, हे तुम्हालाही माहीत आहे. गुरुवारी मी ते सांगणार. पाय दाबायचा तर दाबा, मी जाड बूट घालून येतो आहे.

ता. क. ३. मयुरी यायला तयार नव्हती. म्हणाली, "मले पागल म्हणतीन." मी म्हटलं, आवाज कोणी ऐकला असं विचारलं, की आधी माझं नाव सांगीन, मग लहानूकाकाचं, तुझं तिसरं. ती म्हणाली, "मंग चालते." हे मात्र अन्नपूर्णेला वाचून दाखवा.