कढई गंजली, मी सुखरूप आहे

ती. आत्या,

नमस्कार. गुडघे कसे आहेत ते आधी लिही, आणि 'ठीक' असं एका शब्दात नको. जिना चढताना कितव्या पायरीवर थांबतेस तो आकडा हवा. माझी तब्येत उत्तम. बाकी घडलं ते असं:

१. भाड्याच्या खोलीत राहायला येऊन चार आठवडे झाले.
२. एक तवा आणि एक पातेलं घेतलं. दोन्ही वाया गेली.
३. बाबांना इकडे राहायला बोलावलं. "तिथं मी काय करू, नुसता बसून खाऊ?" म्हणाले.
४. लोखंडी कढई घेतली. एका रात्रीत गंजली.

तिसऱ्या मुद्द्याचा भांड्यांशी संबंध नाही. क्रमात आला म्हणून लिहिला.

तू म्हणशील, ही पोरगी कंपनीत दिवसभर रंगाचे थर तपासते आणि हिला साधा तवा निवडता येऊ नये? येतो, म्हणून तर घोळ झाला. नॉनस्टिक तवा आणला तेव्हा त्याचा लेप टिकणार की नाही हे पाहणं मला भाग होतं (दुकानदार 'टिकणार' म्हणाला होता, पण ते तर तो सगळ्यांनाच म्हणतो). आमच्याकडे यासाठी ठरलेली पद्धत आहे. धारदार पात्याने सहा रेघा उभ्या मारायच्या, सहा आडव्या, म्हणजे पंचवीस चौकोन होतात. त्यांवर चिकटपट्टी दाबून लावायची, झटक्यात ओढायची आणि किती चौकोन सुटून आले ते मोजायचे. एकही आला नाही. इतका चांगला लेप मी वर्षभरात पाहिला नव्हता. तसं वहीत लिहून, सही करून मी तवा गॅसवर ठेवला, अंडं फोडलं, आणि तेव्हा आठवलं की ऑफिसात तपासून झालेला नमुना आम्ही कचऱ्यात टाकतो. त्यात कुणी अंडं तळत नाही. अंडं चोवीस ठिकाणी चिकटलं. पंचविसावा चौकोन अजूनही उत्कृष्ट आहे.

पातेल्याच्या वेळी मी शहाणी झाले होते. घासायला सोपं म्हणून स्टील ठरवलं, आणि दुकानातच पर्समधून जाडी मोजायचं यंत्र काढलं. दुकानदार बघत राहिला. "ताई, पातेलं घ्यायचंय की त्याची चौकशी बसवायचीय?" मी पुढचा काठ मोजायला घेतला. (वाद घातला की आकडा चुकतो.) सात पातेल्यांचे काठ मोजले आणि सगळ्यांत जाड, तरीही परवडणारं, ते घेतलं. "पस्तीस वर्षं दुकान चालवतोय, काठ मोजणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा पाहिलं," असं त्याने सुटे पैसे देताना सांगितलं, आणि मला ते कौतुक वाटलं. घरी आल्यावर कळलं की काठ आत वळवून दुमडलेला असतो, म्हणजे मी पत्रा दोनदा मोजला होता. बूड कागदासारखं. पहिल्याच दुधाला ते खालून फुगलं, आता ओट्यावर ठेवलं की भोवऱ्यासारखं फिरतं. दूध मात्र जागचं हललेलं नाही. मी तीन दिवस घासते आहे. आधी दूध निघेल की बूड, ते सांगता येत नाही.

कढई जुन्या बाजारातली. जड, स्वस्त, आतून काळी कुळकुळीत. ती मी लख्ख होईपर्यंत घासली आणि ओलीच पालथी घातली. सकाळी नारिंगी. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई बघायला आल्या (त्या बघायला येतातच, कढई हे फक्त निमित्त). "अगं बाई, वर्षानुवर्षं तेल पिऊन बसलेला थर कुणी खरवडतं का? पार न्हाव्याकडून आल्यासारखी दिसतेय." मग जाताना दारातून, "घरात कुणी मोठं माणूस नाही का गं सांगायला?"

आता माझ्याकडे सातशे रुपये उरले आहेत आणि चहाचं एक भांडं. चौथी चूक परवडणार नाही. बाबांनी भांड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली; ते दुकानात भांडं उचलतात, बुडावर टिचकी मारतात आणि परत ठेवतात. ठेवलं म्हणजे विषय संपला. कारण विचारलं तर "आवाज बरोबर नाही". मीही टिचकी मारून पाहिली. नख दुखलं. तेव्हा त्यांना एवढंच विचार: सातशेत जाड बुडाचं स्टील मिळेल का, आणि ही कढई पुन्हा मुरवता येते का. मी स्वतः विचारणार नाही. एकदा विचारून झालंय.

तुझी भाची

ता. क. हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. चष्मा सापडत नाही म्हणून ते टाळतील, म्हणून तूच वाच. कढईपाशी जरा सावकाश.

ता. क. २ (हा कागद वेगळा आहे, फक्त तुझ्यासाठी.) तवा आणि पातेलं या माझ्या खऱ्या चुका. कढई नाही. लोखंडावरचा काळा थर कशाचा असतो हे मी परीक्षेत लिहून आले आहे. बाबांनी नाही म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती विकत घेतली आणि दोन तास घासली. गंज खराच लागला पाहिजे होता. खोटं त्यांना लगेच ओळखू येतं. फोटो मागतील, तर फोटोत काही कळत नाही म्हण.

मागच्या महिन्यात मी तुझ्याकडे आले होते, तेव्हा पहिल्या दिवशी बाबांच्या घरी ओट्यावर एक ताट पालथं होतं. तिसऱ्या दिवशी निघताना तेच ताट, तसंच, आणि त्यावर धूळ. तुला सांगतात घरी केलं. मला फोनवर सांगतात ताईकडे जेवलो. एकटे राहू नका म्हटलं तर ते येणार नाहीत. पोरीला भांडं कळत नाही म्हटलं तर कदाचित येतील, आणि थोरल्या बहिणीने म्हटलं तर नक्की.

शुक्रवारी मला त्यांचं तिकीट काढायचं आहे. येतात की नाही, ते गुरुवारपर्यंत कळव.